घरातले, बाहेरचे आणि मधले कपडे

मराठी घरात कपड्यांच्या दोन जाती ठरलेल्या असतात: घरातले आणि बाहेरचे. घरात विटलेला गाऊन, बनियन-लेंगा, मुलाने टाकून दिलेला टी-शर्ट. बाहेर जाताना इस्त्रीची साडी, शर्ट-पँट, पायात बऱ्यापैकी चपला. पुण्यात किंवा नाशकात या दोहोंमधलं अंतर फारसं अडत नाही. गाऊनवर ओढणी टाकून भाजीवाल्यापर्यंत जाता येतं, आणि जिना, वाण्याचं दुकान, देऊळ, शेजारची काकू एवढ्यात दिवसभराचं चालणं होऊन जातं. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला मुलाकडे राहायला आलेल्या सत्तरीतल्या आईवडिलांचं तसं होत नाही. तिथे दाराबाहेर पाऊल टाकायचं तर 'तयार व्हावं' लागतं. साडी बदला, स्वेटर चढवा, मोजे शोधा, वर सुनेचा जुना कोट. यात अर्धा तास जातो आणि फेरी असते वीस मिनिटांची. चार दिवस हे जमतं, पाचव्या दिवशी फेरीच राहते. मुलं म्हणतात, आईबाबा कंटाळा करतात. मला मात्र वाटतं की या वयात व्यायामाच्या आड कंटाळ्यापेक्षा हा कपड्यांचा उंबरा जास्त येतो. अमेरिकेत ज्याला 'कॅज्युअल' म्हणतात तो पोशाख विचार करून निवडला, तर हा उंबरा बराचसा झिजतो.

कॅज्युअल म्हणजे अजागळ, असा आपल्याकडे समज आहे. अमेरिकेतला इतिहास वेगळं सांगतो. डेअर्ड्री क्लेमेंटी या इतिहासकार बाईंनी २०१४ साली 'ड्रेस कॅज्युअल' हे पुस्तक लिहिलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉलेजच्या मुलामुलींनी स्वेटर, सुटसुटीत पँटी आणि खेळाचे बूट वर्गात, जेवायला, गावात असे सगळीकडे घालायला सुरुवात केली आणि त्यातून अख्ख्या देशाचा पेहराव कसा बदलला, हे त्यांनी त्यात दाखवलं आहे. पुढे १९६६ साली हवाईत शुक्रवारी ऑफिसात फुलाफुलांचा शर्ट चालवून घेण्याची प्रथा पडली. १९९२ साली लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने ऑफिसांसाठी कॅज्युअल पोशाखाची मार्गदर्शिकाच काढली. या साऱ्यामागची कल्पना एकच होती: ज्या कपड्यात बसता येतं, पळता येतं आणि चारचौघांत उभंही राहता येतं, असा एकच कपडा. म्हणजे घरातला आणि बाहेरचा यांच्या मधला. आपल्याकडे नेमकी हीच मधली जात नव्हती. १९६५च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यानंतर तिथे आलेले मराठी डॉक्टर आणि इंजिनीयर आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. नोकरीच्या चाळीस वर्षांत त्यांच्या अंगवळणी खाकी पँट आणि स्नीकर्स पडले. खरी अडचण आहे ती उतारवयात पहिल्यांदा तिथे आलेल्यांची, सहा महिन्यांसाठी येणाऱ्यांची, आणि त्यांतही बायकांची. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडून आहे आणि ज्येष्ठांसाठी त्यांचा 'उत्तररंग' हा उपक्रम आहे. तिथे निवृत्तीचे पैसे आणि आजारपणं यांच्या जोडीला पायांत काय घालावं यावरही एक तास खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण सुरुवात पायांपासून होते. अमेरिकेत पासष्टीपुढच्या दर चार माणसांपैकी एकाहून अधिक माणसं वर्षातून एकदा तरी पडतात. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळांचं स्वतंत्रपणे हिंडणं-फिरणं तिथेच संपतं. सिअ‍ॅटल भागात पासष्टीपुढच्या तेराशेहून अधिक लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झाला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जे पडले ते पडताना पायांत काय घालून होते, एवढाच साधा प्रश्न संशोधकांनी घेतला होता. पडण्याचा धोका सगळ्यांत कमी आढळला तो खेळाच्या आणि कॅनव्हासच्या बुटांत. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालणाऱ्यांचा धोका त्याच्या कित्येक पट होता. यावर कोणी म्हणेल, धडधाकट माणसंच स्नीकर्स घालतात, म्हणून ती पडत नाहीत. शंका रास्त आहे. पण प्रकृतीचा हा फरक हिशेबात धरल्यावरही अनवाणी पायांचा धोका वाढलेलाच राहिला. नुसतं पाहून केलेला अभ्यास कारण सिद्ध करत नाही हे खरं, तरी कारण समजायला अवघड नाही. सपाता टाचेला धरत नाहीत, म्हणून पाय फरफटत टाकावा लागतो. अमेरिकन घरांतल्या गुळगुळीत लाकडी फरशीवर मोजा सरकतो. बूट घेताना दुकानातच तीन गोष्टी करून पाहाव्यात. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबावा, तो दबता कामा नये. बूट पुढून दुमडावा, तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नाही. दोन्ही हातांनी पिळून पाहावा, फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्यावा. खरेदीला दुपारनंतर जावं, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. आणि माप उभं राहून घ्यावं, दोन्ही पायांचं. वयाबरोबर पाऊल पसरतं, त्यामुळे तिशीतला नंबर सत्तरीत चालत नाही.

चालण्याची सोय झाली म्हणजे व्यायाम झाला, असं मात्र नाही, आणि इथे आपल्या शरीराचं एक गुपित आड येतं. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, आत चरबी, हा आपल्याकडचा नेहमीचा देह. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांचा 'मसाला' नावाचा दीर्घ अभ्यास २०१० पासून चालू आहे, त्यातही हेच दिसलं: इतर गटांच्या मानाने स्नायू कमी, पोटातली चरबी जास्त. आता आपले पारंपरिक कपडे आठवून पाहा. साडीला कंबरेचं माप नसतं. परकराची आणि लेंग्याची नाडी हवी तेवढी सैल होते. धोतर तर कुठल्याही पोटावर बसतं. पोट चार बोटं वाढलं तरी यांतला एकही कपडा ते सांगत नाही. बटणाची किंवा पट्ट्याची पँट सांगते. पट्ट्याचं भोक एकाने पुढे सरकलं, की डॉक्टरांकडे जायच्या आधीच कळतं. दक्षिण आशियाई बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर कंबर ही धोक्याची रेघ मानतात, आणि ती रोज मोजायला पँटीइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. इलॅस्टिकची ट्रॅक पँट सोयीची खरी, पण ती नाडीचीच बहीण आहे. आठवड्यातून दोन दिवस तरी मापाची पँट चढवावी असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

स्नायूंच्या बाबतीत 'आता या वयात काय' हे वाक्य बोस्टनमध्ये १९९० सालीच खोटं ठरलं आहे. मारिया फियाटारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गट अगदी लहान होता, दहा जणांचा, म्हणून १९९४ मध्ये शंभर जणांवर पुन्हा प्रयोग झाला. तेव्हाही ताकद दुपटीच्या पुढे गेली. अमेरिकन सरकारची मार्गदर्शक सूत्रं आज आठवड्याला १५० मिनिटांच्या झपाट्याच्या चालण्याखेरीज दोन दिवस स्नायूंचा आणि त्याशिवाय तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगतात, त्यामागे असे पुरावे आहेत. आपली तयारी किती आहे ते घरीच बघता येतं. सरळ पाठीच्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावं, हात छातीशी आडवे धरावेत आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजावं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारा आणि बाईला दहाहून कमी जमलं, तर पाय कमजोर आहेत. हीच परीक्षा पायांत घोळणारा गाऊन घालून द्यावी आणि मग सलवार किंवा पँट घालून. गाऊनमध्ये एक हात आपसूक कापड सावरायला जातो. कपड्याचा आणि व्यायामाचा संबंध याहून वेगळा काही समजावून द्यायला नको.

आता 'या वयात हे शोभतं का?' हा प्रश्न. विचारणारे बहुधा आपलेच असतात, आणि पुष्कळदा आपण स्वतःच. यात दोन भीती मिसळलेल्या आहेत. पहिली, तरुण दिसण्याचा सोस केल्यासारखं वाटेल ही. या भीतीत तथ्य आहे. म्हातारपण लपवण्याचा धंदा अमेरिकेत मोठा आहे आणि त्याच्या नादी लागू नये. पण नीटनेटकं राहण्यासाठी वय लपवावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या आयरिस अ‍ॅप्फेल बाईंच्या कपड्यांचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन मेट्रोपॉलिटन म्युझियमने २००५ साली भरवलं तेव्हा त्या चौऱ्यांशी वर्षांच्या होत्या. पांढरे केस, मोठ्ठा गोल चष्मा, हातभर कडी, आणि वय अजिबात न झाकता त्या १०२ वर्षं जगल्या. दुसरी भीती अधिक खोल आहे: साडी सुटली तर आपलेपण सुटेल ही. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. परक्या देशात बाईला आरशात ओळखीचं कोणी दिसावं लागतं. पण साडी सोडायलाच हवी असं कोण म्हणतं? नऊवारीचा काष्टा हा शेतात, नदीवर, घोड्यावर वावरता यावं म्हणून घातलेला होता. घोळदार पाचवारी त्यानंतर सार्वत्रिक झाली. मुंबईच्या क्रांती साळवी यांनी २०१८ साली बर्लिनची मॅरेथॉन नऊवारीत ३ तास ५७ मिनिटांत धावून गिनेस विक्रम केला, पायांत अर्थातच धावण्याचे बूट होते. मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण सत्तरीपार वयात साडी नेसून मुलाबरोबर धावल्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. उतारवयात अंग हलवणं ही अमेरिकेची देणगी नव्हे. तिथे कमी आहे ते त्याला साजेसं वातावरण, आणि ते पोशाखाने थोडंफार परत आणता येतं.

कपड्याने मन बदलतं, असंही पुष्कळदा सांगितलं जातं. डॉक्टरचा पांढरा कोट घातला की लक्ष वाढतं, असा एक प्रयोग २०१२ मध्ये गाजला होता. पुढे दुसऱ्यांनी तो करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, म्हणून माझा युक्तिवाद मी त्यावर उभा करत नाही. अधिक भक्कम वाटतो तो येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचा २००२ सालचा निष्कर्ष. ओहायोतल्या एका गावच्या ६६० लोकांत स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. हेही नुसतं पाहून काढलेलं अनुमान आहे, आणि नजर कपड्याने बदलते असं ते म्हणत नाही. पण विटका गाऊन घालून खिडकीशी बसलेल्या बाईला शेजारीण दिसली तर ती मागे सरते, आणि फिकट निळा कुर्ता, सरळ पँट आणि स्वच्छ बूट घातलेली तीच बाई हात वर करते, एवढं तर आपण सगळेच जाणतो. तो वर केलेला हात पुढच्या आठवड्यात चालायला सोबत मिळवून देतो, आणि सोबत असली की चालणं टिकतं.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, अनेक अ‍ॅडव्हान्टेज योजनांत 'सिल्व्हरस्नीकर्स'सारखा जिमचा लाभ मिळतो, पण सहा महिन्यांसाठी आलेल्यांना मेडिकेअरच नसतं, आणि ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडिलांनाही ते विकत घ्यायला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. त्यांच्यासाठी जिम म्हणजे रस्ता, आणि हिवाळ्यात मॉल. सकाळी दुकानं उघडण्याआधी मॉलमध्ये चालणं ही अमेरिकन ज्येष्ठांची जुनी रीत आहे. सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, २०१५ मध्ये तिच्यावर पुस्तिकाही काढली. सपाट जमीन, उजेड, बाकडी, स्वच्छतागृह, सगळं फुकट. कपडेही फार लागत नाहीत. आत अंगाबरोबरचे थर्मल, वर लोकरीचं काही, त्यावर वारा अडवणारं हलकं जाकीट. एका जड कोटापेक्षा असे तीन थर बरे, कारण मॉलमध्ये शिरल्यावर एकेक उतरवता येतो. जाकीट गडद नको. पुष्कळ वस्त्यांत फुटपाथ नसतात, हिवाळ्यात साडेचारला अंधारून येतं, आणि गाडी चालवणाऱ्याला रस्त्यात पायी माणूस दिसेल अशी अपेक्षाच नसते. आणि खिसे हवेतच. फोन, किल्ली, चष्मा खिशात गेले म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पाय घसरला तर कठडा धरायला मोकळा हात लागतो, पर्स धरलेला हात तिथे कामाचा नाही.

राहिला घरात बूट घालण्याचा प्रश्न. यावर मात्र बऱ्याच घरांत पाऊल अडतं, कारण पादत्राण दाराबाहेर काढणं हा आपल्या स्वच्छतेचा आणि श्रद्धेचा भाग आहे, आणि तो मोडा असं मी सांगणार नाही. टाच धरणारा, खालून रबरी पकड असलेला, वेल्क्रोच्या पट्टीचा एक जोड फक्त घरासाठी ठेवावा. तो कधीही दाराबाहेर नेऊ नये. देवघराशी एक खुर्ची असावी. पूजेआधी तिच्यावर बसून जोड काढावा, आणि निरांजन शांत झाल्यावर पुन्हा त्याच खुर्चीवर बसून, आधी एक पट्टी मग दुसरी, असा घालावा. उभ्याने नाही.