बावीस प्रश्न, पाच गोल

सकाळी ६.१५. कोल्हापुरातली राजारामपुरी. एका गल्लीतली मागच्या अंगाची खोली. नळाला पाणी आलंय, म्हणून आधी पिंप, मग चहा. ती अठ्ठावीस वर्षांची, एम.एस.डब्ल्यू. झालेली, एका संस्थेत काम कंत्राटी. महापूर येऊन गेल्यावर माणसाच्या मनाचं काय झालं आणि तो कसा सावरला, याची पाहणी चालू आहे. घरोघर जायचं, फॉर्म भरायचा. फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. आपलंही नाव छापायचं नाही, या अटीवर तिनं मला बरोबर घेतलंय.

७.००. पिशवी भरते. क्लिपचं पॅड, दोन पेनं, संमतीपत्रं, प्लॅस्टिकच्या फायलीत दहा फॉर्म. जूनचा पहिला आठवडा, वळीव कधीही गाठतो. कागद भिजला की मजुरी गेली. फॉर्म आठ पानांचा. पुरा भरला तर दीडशे रुपये, अर्धवट राहिला तर काही नाही. झेरॉक्स संस्थेची, पेट्रोल तिचं.

सगळ्यात वर एक पुठ्ठा. त्यावर पाच गोल, बारक्यापासून मोठ्यापर्यंत. बारका म्हणजे 'अजिबात नाही', मोठा म्हणजे 'भयंकर'. ज्याला वाचता येत नाही त्यानं बोट ठेवायचं. गोलांना शून्य ते चार गुण. प्रश्न बावीस, म्हणजे बेरीज फार तर ८८. अमेरिकेत १९७९ मध्ये होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली केली तेव्हा प्रश्न १५ होते. १९९७ मध्ये ते २२ झाले. झोपमोड होते का? नको असताना ते सगळं डोळ्यांपुढं येतं का? आठवण निघेल अशा गोष्टी टाळता का? महापूर कितीही जुना असो, विचारायचं गेल्या सात दिवसांचं.

८.१५. शंभरचं पेट्रोल. परीख पुलाखालून स्टेशनच्या पलीकडं.

८.४५. शाहूपुरी, कुंभार गल्ली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत ५६ च्या आसपास. दोन्ही वेळा या गल्लीत पाणी शिरलं, दोन्ही वेळा गणपतीच्या मूर्ती निम्म्याअर्ध्या तयार होत्या.

कुंभारमामा मूर्तीच्या हातावर पॉलिश पेपर फिरवतायत. पांढरी भुकटी मनगटापर्यंत. "तुम्ही विचारा की, माझा हात चालू दे."

ती विचारते. आठवण निघेल अशा गोष्टी टाळता का?

"टाळायचं म्हटलं तर घरच टाळायला लागंल."

ती हसत नाही. पुठ्ठा पुढं धरते. मामा भुकटीचं बोट बारक्या गोलावर ठेवतात. झोपेच्या प्रश्नाला मात्र बोट सरकतं, चौथ्या गोलावर. परवा रात्री वळीव झाला. मामा दोनदा उठून गटारीचं पाणी कुठवर आलंय ते बघून आले. सात दिवसांतलंच आहे. तीन गुण.

पुढचा भाग सावरण्याचा. २८ विधानं, चौदा प्रकार, प्रत्येकाची दोन. ही प्रश्नावली चार्ल्स कार्व्हर यांची, १९९७ ची. पुढचा विचार करून ठेवतो, देवाचं करतो, कुणाशी बोलून मोकळा होतो, स्वतःला दोष देतो, दारू घेतो. इथं उत्तरं चारच, गुण एक ते चार. पाचवा गोल ती अंगठ्यानं झाकते.

पुढचा विचार? मामा वर बघतात. दहा फुटांवर लोखंडी अँगलचा माळा घातलाय, कर्ज काढून. चार गुण.

चेष्टेवारी नेतो?

"नेतो की! त्या वर्षी मंडळाच्या पोराला फोन केला. म्हटलं, तुमचं विसर्जन झालं बाबा, वर्गणी तेवढी राहिली."

तीन गुण. फॉर्मला पाऊण तास लागला. तेवढ्यात मूर्तीचा एक हात घासून झाला.

१०.१५. पुढचं घर. दारातच विचारणा, "कशाचा सर्व्हे? अनुदानाचा?" ती हे आधीच सांगते. पैसे मिळणार नाहीत, यादीत नाव लागणार नाही. दोन दारं तिथंच मिटतात. पंचनाम्याला येऊन गेलेली माणसं सगळ्यांच्या लक्षात आहेत, सहीची धास्ती आहे.

तिसऱ्या दारात सूनबाई बसतात. सासूबाई शेजारी. झोप? अजिबात नाही. धडधड? अजिबात नाही. सहा प्रश्न, सहा शून्यं. ती पेन खाली ठेवते. "वहिनी, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवता?" दोघी स्वयंपाकघरात जातात. कट्ट्याच्या वर हातभर डाग आहे. तिथं उभ्या उभ्या सहा प्रश्न पुन्हा विचारले जातात. शून्य एकच राहतं. मी बाहेर सासूबाईंशी पावसाचं बोलत बसलो. दारूच्या विधानावर सूनबाई म्हणाल्या, "माझं नको, ह्यांचं लिहा." ह्यांचं लिहिता येत नाही. फॉर्म एका माणसाचा.

१२.००. अजून एक घर, अजून एक फॉर्म.

१.३०. स्टेशनजवळ सावलीला डबा. भाकरी, ठेचा, कांदा. चहा दहा रुपये.

२.३०. परत राजारामपुरी. इथं पंचगंगेचं पाणी येत नाही. म्हणून तर यायचं. ओल्या गल्लीचे आकडे कशाशी तरी ताडून बघायला कोरडी गल्ली लागते. फॉर्मवर पहिलाच चौकोन, घरात पाणी शिरलं होतं? नाही.

काकू दुसऱ्या मजल्यावर राहतात. २०१९ मध्ये शिंगणापूर-बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचे नळ बंद पडले. पुणे-बंगळूर महामार्ग बंद. पेट्रोलला रांगा. काकूंच्या दोन खोल्यांत माहेरची अकरा माणसं. टँकर आला की घागरी घेऊन जिना उतरायचा. भाऊ चिखलीत छपरावर अडकलेला. काकू सांगतात, "फोन लागत होता तवर बरं होतं. बॅटरी संपली आणि मग मी कुणाशीच बोललो नाही." भाऊ बोटीनं सुखरूप आला. फोन वाजला की काकूंचे हात आजही गार पडतात. बोट पाचव्या गोलावर.

बेरीज झाली. सकाळच्या मामांपेक्षा जास्त. रकाना मात्र 'कोरडी गल्ली'.

४.१५. त्याच गल्लीत पाचवा फॉर्म. तिसऱ्या मजल्याचा जिना. दुसरा चहा.

५.४५. शाहूपुरीतलं दुकान पुरात गेलेले एक दादा, आता इथं भाड्यानं राहतात. अकराव्या प्रश्नाला थांबले. पेन थांबलं, पॅड मिटलं. नियम तसाच आहे. पाणी द्यायचं, बसायचं, घाई करायची नाही. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. उठताना तिनं एका चिठ्ठीवर १४४१६ लिहून दिलं. टेली-मानसचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. दादांनी चिठ्ठी खिशात ठेवली. फॉर्म अकराव्या प्रश्नावर राहिला.

७.१५. संस्थेच्या खोलीत पर्यवेक्षक पानं उलटतात. रिकामा चौकोन दिसला की पेन्सिलीचा गोल. एका फॉर्मवर घराचा क्रमांक राहिलाय. तो तिथंच भरला. पाच पास. अर्धवट एक वेगळ्या फायलीत.

९.००. खोलीवर हिशेब. पाच फॉर्म, साडेसातशे. पेट्रोल शंभर, दोन चहा वीस. उरले सहाशे तीस. मिळणार महिनाअखेरीला.

उद्याचे दहा फॉर्म फायलीत घातले. कंत्राट ३० जूनला संपतं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापूर जुलै-ऑगस्टमधले.