दावणीचा दोष

पाचोडला थोरल्या भावाकडे गेलो की माझी पहिली फेरी गोठ्याकडे असते. पैठण तालुक्यातलं हे गाव मोसंबीसाठी नावाजलेलं. पण पाऊस दगा देतो, तेव्हा बागेपेक्षा दावणीची गायच घर सावरते. गेल्या उन्हाळ्यात भावाने तीच गाय विकायला काढली होती. संकरित, ऐन वयातली. पण तीनदा भरवली आणि तीनदा उलटली. "आपल्या नशिबातच नाही," भाऊ म्हणाला.

वहिनींनी मात्र पशुवैद्यांना बोलावलं. डॉक्टरांनी गायीआधी भावालाच तपासलं म्हणा ना! मागच्या विताला वार अडकली होती का? भाकड असताना खायला काय होतं? माजाची तारीख लिहिली का? उत्तरं देताना भावाची मान खाली गेली. दूध आटताच पेंड बंद, पुढे नुसता कडबा. वार हाताने ओढून काढलेली. तारखा सगळ्या अंदाजाने.

विण्याआधीचे दोन महिने गाय दूध देत नाही, म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवतो. पोटातलं वासरू नेमकं तेव्हाच झपाट्याने वाढतं. ती आबाळ पुढे वार अडकणं, गर्भाशयाचं दुखणं, मुका माज अशा रूपांनी बाहेर पडते.

आधी गर्भाशयावर उपचार झाले. मग रोज क्षारमिश्रण, सावली, मुबलक पाणी. वहिनींनी मुलाच्या जुन्या वहीत टिपून ठेवलं : माज साधारण 21 दिवसांनी येतो, उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे बघावा, सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवावं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कालवडीला 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस द्यावी. गाय गाभडली तर वार, गर्भ उघड्या हाताने उचलू नये. हा रोग माणसालाही जडतो.

मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला 'बायफ' संस्था स्थापन केली. पुढे अशा प्रयत्नांतून संकरित गायी गावोगावी पोचल्या, दूध वाढलं. जास्त दुधाच्या गायीला जपावंही जास्त लागतं, हे मात्र आपण सोयीस्कर विसरलो.

चौथ्या खेपेला गाय गाभण राहिली. परवा गेलो, तेव्हा दूध आटवलेलं होतं आणि वहिनी तिच्यापुढे पेंडीचं घमेलं ठेवत होत्या. "दूध नसताना एवढा खुराक?" मी गमतीने विचारलं.

"भावजी, दोन जिवांची आहे ती. घरातल्या दोन जिवांच्या बाईला आपण उपाशी ठेवतो का?"

भाऊ काही बोलला नाही. त्याने मुकाट्याने पाण्याची बादली उचलली.