तिसरी बंदूक

आपल्याकडे बंदूक बाळगणं हा हक्क मानणारी मंडळी बहुतेक उजव्या बाजूची असतात, मग उजव्यांचं सरकार आल्यावर त्यांचं काय झालं ते लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांपुढे दिल्ली-लखनौ असावं, कारण देशातले सर्वाधिक शस्त्र परवाने तिकडेच आहेत. 2016 अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते. त्यातले पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते आणि महाराष्ट्रात जेमतेम 84 हजार. तरीही मी हैदराबाद मागून घेतलं. तोफांच्या कारखान्यावरून एका वस्तीचं नाव पडलेलं हे शहर आहे. शिवाय हत्यार आणि राजकारण यांचं नातं मराठी माणसांनी जिथं जवळून पाहिलं, त्या ठिकाणांत या शहराचा क्रम वरचा आहे.

आबिद्सकडच्या एका जुन्या दुकानात गेलो. दर्शनी भागात काचेची कपाटं, मागं लाकडी घोडीवर ओळीनं उभ्या केलेल्या दुनळी बंदुका आणि सगळ्यांच्या चापाच्या कड्यांतून ओवलेली एकच साखळी. मालक सकाळी ती साखळी सोडवतात, रात्री पुन्हा ओवतात आणि मधला सगळा वेळ वह्यांत घालवतात. कोणती बंदूक आली, कोणाची, परवाना क्रमांक काय, नळीवरचा क्रमांक काय, काडतुसं किती गेली, सगळ्याची नोंद होते. विकलेल्या काडतुसांची नोंद घेणाऱ्याच्या परवान्यावरही करावी लागते. काडतुसांचा हिशेब चुकला तर दुकान जाईल, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत उस्ताद बसतात. वडिलांच्या हाताखाली शिकलेले, सत्तरी ओलांडलेले. वडिलांनी जागीरदारांच्या बंदुका दुरुस्त केल्या, यांनी त्या जागीरदारांच्या नातवंडांच्या. समोर आलेली दुनळी त्यांनी आधी बंद केली, कानाजवळ नेली आणि हलकेच हलवली. मला काही ऐकू आलं नाही. त्यांना आलं. नळ्या आणि खालचं लोखंड यांच्यात सूतभर फट पडली होती.

पुढचं काम मी बघतच राहिलो. त्यांनी नळ्या काढून घेतल्या, रॉकेलची चिमणी पेटवली आणि नळ्यांचा बुडाकडचा सपाट भाग ज्योतीवर धरून काळा केला. मग नळ्या जागेवर बसवल्या, बंदूक मिटली, पुन्हा उघडली. जिथं लोखंडाला लोखंड टेकलं तिथली काजळी पुसली गेली होती आणि नखाएवढा चकचकीत ठिपका दिसत होता. तेवढ्याच ठिपक्यावर बारीक कानशीचे दोन हात. पुन्हा ज्योत, पुन्हा काजळी, पुन्हा मिटणं. ठिपका सरकत गेला, पसरत गेला आणि शेवटी सगळा पृष्ठभाग सारखा टेकू लागला. झिजलेल्या बिजागरीच्या आसेच्या जागी किंचित जाड आस घालायची होती, तीही त्यांनी स्वतःच पोलादाच्या सळीतून कातून घेतलेली. मोजमापाचं एकही यंत्र जवळ नव्हतं. इंग्लंडमधल्या उत्तम बंदूकसाजांच्या कारखान्यांतही धुराच्या काजळीनं पकड तपासायची हीच रीत आहे.

या दुनळीची यंत्रणा विलक्षण आहे. हिला बाहेर घोडे दिसत नाहीत, ते आत लपलेले असतात. नळ्या खाली मोडताना जो जोर लागतो त्याच जोरावर आतले घोडे मागं ओढले जाऊन अडकतात. म्हणजे काडतूस भरण्यासाठी बंदूक उघडली की ती आपोआप सज्ज होते. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यात अँसन आणि डीली या दोघांनी 1875 साली ही युक्ती काढली आणि आजही इशापूरच्या सरकारी कारखान्यातली बारा बोअर मूळ त्याच कल्पनेवर चालते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. काम झाल्यावर उस्तादांनी नळ्यांत दोन खोटी काडतुसं घातली आणि मगच चाप ओढले. "खाली खटका नक्को मारो साब, पिन टूटती," ते म्हणाले. पिन तुटली तर नवी मिळत नाही. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे, सवलत आहे ती नामवंत नेमबाजांना. म्हणून जुनी वेब्ली अँड स्कॉट इथं सोन्याच्या भावानं जाते, आणि म्हणूनच उस्तादांचा हात टिकला.

शहराचा पाठ्यपुस्तकी इतिहास थोडक्यात सांगतो. मार्च 1795 मध्ये खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाला हरवलं. निजामाच्या बाजूनं लढलेल्या पलटणींचा सेनापती रेमंड नावाचा फ्रेंच होता. त्याच वर्षी त्यानं हैदराबादेत तोफा ओतायचा कारखाना काढला, तोच 'तोप का सांचा'. आज फत्तेह मैदानाजवळ त्याचे अवशेष आहेत आणि वस्तीला गनफाउंड्री म्हणतात. मार्च 1798 मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्रजांनी तैनाती फौजेच्या तहाच्या बळावर त्याच्या पलटणी निःशस्त्र केल्या. पगार थकल्यानं शिपाई आपल्याच अधिकाऱ्यांवर उलटले होते, त्यामुळे रक्त सांडलं नाही.

मला रस होता तो यानंतरच्या कथेत. 1878 साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरला. काँग्रेसनं 1887च्या मद्रास अधिवेशनापासून त्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधींनीही 1918 साली सैन्यभरतीच्या प्रचारात या कायद्याला ब्रिटिश राजवटीतलं सर्वांत काळं कृत्य ठरवलं होतं. 1931च्या कराची ठरावात तर शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांच्या यादीत होता. मग डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालायची सूचना मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. सूचना फेटाळली गेली. त्याआधी तीनच महिने हैदराबादवर पोलिस कारवाई झाली होती. लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यात काय केलं ते ताजं होतं, आणि कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं तेही. खाजगी हातांतल्या बंदुका काय करतात हे त्या वर्षी या संस्थानात दोन्ही बाजूंनी दिसलं. बाबासाहेबांचं म्हणणं मला आजही पटतं.

उजव्या राजकारणातली फूटही हैदराबादेतच आधी दिसली होती. हिंदूंनी सैनिकी वृत्ती धरावी असा आग्रह धरणाऱ्या सावरकरांच्या हिंदुमहासभेनं 1938-39 साली निजामाविरुद्ध लढा दिला तो 'भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार'. आर्य समाजही त्या लढ्यात होता. पुण्या-मुंबईकडून तुकड्या येत आणि तुरुंगात जात. संघानं मात्र संघटना म्हणून त्यात उतरायचं नाही असं ठरवलं. स्वयंसेवक वैयक्तिक गेले तर जाऊ देत, ही हेडगेवारांची भूमिका होती. महासभेच्या मंडळींना ती झोंबली आणि तो सल पुढे वर्षानुवर्षं राहिला. एकाच विचाराच्या घरात एकाला रस्त्यावरची लढाई हवी होती आणि दुसऱ्याला शिस्त. आजच्या शस्त्र-हक्काच्या भांडणात मला तोच तिढा दिसतो. नागरिकानं स्वतःच्या बळावर उभं राहावं हे उजव्यांचं एक स्वप्न आहे, राज्यसत्ता पोलादी असावी हे दुसरं. सत्ता नसते तोवर दोन्ही एकत्र नांदतात.

2019 साली ती नांदेनाशी झाली. 1983च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. गृहमंत्री अमित शहांनी आणलेल्या विधेयकात तीनच्या जागी एक होती. ओरड उठली ती नेमबाजांतून, माजी सैनिकांतून, शेतकऱ्यांतून, वडिलोपार्जित बंदुका भिंतीवर असलेल्या घरांतून, म्हणजे बहुतांशी त्याच पक्षाच्या मतदारांतून. नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया ही संस्था कायदा सैल व्हावा म्हणून झटत होती, तिला तर आपलीच माणसं उलटल्यासारखं झालं. पंजाबचे तेव्हाचे काँग्रेसी मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनीही शहांना तीन बंदुका राहू द्या म्हणून लिहिलं. पुढे ते भाजपमध्ये गेले. शेवटी सरकारनं एकाची दोन केली, परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली आणि लग्नात बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. त्या शेवटच्या तरतुदीसाठी मी सरकारचे आभार मानीन. तिसरी बंदूक वर्षभरात ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची होती. मुदत होती 13 डिसेंबर 2020. वारसानं आलेली बंदूकही त्या दोनातच धरायची.

त्या मुदतीच्या दोन आठवडे आधी, 29 नोव्हेंबरला, शहा हैदराबादेत होते. महापालिकेची निवडणूक होती, सिकंदराबादेत त्यांची फेरी निघाली आणि चारांवरून भाजप 48 जागांवर पोचला. परवानाधारकांची तेव्हा दुहेरी पंचाईत होती. निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायची, निवडणूक संपली की परत आणायची, आणि या वेळी त्यातली तिसरी पुन्हा नेऊन द्यायची. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नका, माणूस पाहून ठरवा, हे गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं 2009 सालीच सांगितलेलं आहे. ठाण्यांना मात्र सरसकटच सोपं पडतं.

राजकारण्याला ही यातायात नाही. इथं मोठेपणा मोजतात तो मागं उभ्या असलेल्या सरकारी गनमॅनवरून. गनफाउंड्री ज्या गोशामहल मतदारसंघात येते तिथले आमदार टी. राजा सिंह यांना 2020 साली शहराच्या पोलिस आयुक्तांनीच दुचाकीवर फिरू नका, बुलेटप्रूफ गाडी वापरा असं कळवलं होतं. भाजपनं त्यांना ऑगस्ट 2022 मध्ये निलंबित केलं, ऑक्टोबर 2023 मध्ये परत घेतलं आणि जून 2025 मध्ये प्रदेशाध्यक्षपदावरून बिनसून त्यांनी स्वतःच पक्ष सोडला. पक्षाशी नातं जुळतं-तुटतं, पण धोका आहे असं राज्यानं मानलं की संरक्षण राज्य देतं. सामान्य माणसाला धोका आहे की नाही हेही राज्यच ठरवतं, आणि तिथं त्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

हैदराबादची बंदूक आणि भाजपमधली फूट महाराष्ट्रानंही पाहिली आहे. यवतमाळच्या जंगलातली टी-1 वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, तिच्या नावावर 13 माणसांचे बळी धरले गेले होते. वनखात्यानं हैदराबादहून शिकारी बोलावला आणि 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री त्याच्या मुलाच्या गोळीनं ती मेली. मागं दोन बछडे राहिले. केंद्रातल्या तेव्हाच्या मंत्री मनेका गांधींनी याला उघडपणे खून म्हटलं आणि सुधीर मुनगंटीवारांना वनमंत्रिपदावरून काढायचा विचार करा असं फडणवीसांना लिहिलं. मंत्री तिघेही एकाच पक्षाचे. ज्यांची माणसं गेली त्या गावांना मात्र हा वाद परका होता. रानडुकरांनी उभं पीक लोळवलेल्या शेतकऱ्यालाही तो परकाच. 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, ते योग्यच झालं. पण बारा बोअरचं मूळ काम त्यामुळे गेलं आणि पीकसंरक्षणाच्या परवान्याची वाट मात्र फार अरुंद राहिली.

दुकानात मला भेटलेला तरुण सुलतान बाजारजवळच्या मराठी घरातला. त्याचे आजोबा विवेकवर्धिनीत शिकलेले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची दुनळी कायद्याप्रमाणे या दुकानात ठेवली आहे. वारस म्हणून यानं परवाना मागितला, नकार आला. "काका, मला ती उडवायची नाही, आजोबांची आहे म्हणून ठेवायची आहे," तो म्हणाला. मालक दरमहा ठेवणावळ घेतात. घोडीवर तशा ठेवलेल्या बंदुका विक्रीच्या बंदुकांहून जास्त आहेत आणि गिऱ्हाईक नाही, कारण दोनाची मर्यादा आली तेव्हा प्रत्येकजण तिसरी विकायलाच निघाला होता. न वापरलेल्या नळीला पावसाळ्यात गंज चढतो, म्हणून उस्ताद त्या सगळ्यांत तेलाचा बोळा फिरवतात. त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत. दुरुस्तीचं काम आधीच रोडावलंय. हाताखाली कोणी नाही, आणि कोणी आला तरी त्याला या खोलीत एकट्यानं दुसऱ्याच्या बंदुकीवर काम करता येणार नाही, कारण त्यालाही परवाना लागेल.

1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 14 सांगतं की परवाना नाकारला तर अधिकाऱ्यानं कारणं लिहून ठेवावीत आणि अर्जदारानं मागितली तर ती थोडक्यात त्याला द्यावीत. अपवाद फक्त कारणं देणं सार्वजनिक हिताचं नसेल तिथं. मला हा कायदा सैल झालेला नको आहे, पण तो जसा लिहिलाय तसा तरी पाळला जावा. त्या तरुणाला आलेल्या पत्रात कारण नव्हतं. मालकांनी त्याला कलमाचा क्रमांक कागदावर लिहून दिला, आणि कारणं मागणारा अर्ज त्यानं तिथंच काउंटरवर बसून लिहायला घेतला.