अर्धवट मिटलेलं दार

पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं. सांताक्रूझच्या विमानतळावर पाऊस आडवा लागतोय. ए-320 जातीचं एक विमान बेवर, म्हणजे थांब्याच्या जागेवर, उभं आहे. पाच चाळीसला ते सुटायचं आहे. त्याच्या उजव्या इंजिनाची दोन्ही दारं, आमच्या भाषेत फॅन काऊल, दांड्यांवर वर उचलून धरलेली आहेत आणि मी त्यांच्याखाली उकिडवा बसून टॉर्च मारतोय. इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरच्या, आयडीजीच्या, काचेतलं तेल हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरलंय.

काम तसं थोडक्यातलं. पण तेल भरायचा हातपंप पलीकडच्या बेवर अडकलाय. रात्रीची विमानं चार, पंप एक.

"दादा, मी घेऊन येतो," आमचा शिकाऊ मुलगा म्हणतो. "तोवर दारं खाली घेऊ का? पाऊस आत जातोय."

त्याचा हात दांड्याकडे गेलाही आहे. मी 'घे' म्हणणार, एवढ्यात मागून आवाज येतो.

"हात लावू नकोस."

सर आहेत. रेनकोटची टोपी मागे पडली आहे, चष्म्यावर थेंब साचलेत. या विमानाच्या कामावर शेवटची सही त्यांची. "उघडी ठेवायची तर पूर्ण उघडी. मिटायची तर लॅच लावून पूर्ण मिटायची. मधलं काही करायचं नाही. पाणी पुसता येईल."

मुलगा गोंधळून माझ्याकडे बघतो. सर इंजिनाच्या आडोशाला उभे राहून त्याला सांगू लागतात. 24 मे 2013, लंडनचं हीथ्रो. रात्रपाळीतल्या दोन तंत्रज्ञांच्या हाती हेच काम, आयडीजीचं तेल. ते एका ए-319ची दारं अर्धवट खाली सोडतात आणि सामान आणायला जातात. परत येतात ते भलत्याच विमानापाशी. तिथली दारं बंद असतात, त्यांना वाटतं काम मिटलं. सकाळी ते आधीचं विमान तसंच धावपट्टीवर जातं. उडताना दोन्ही इंजिनांची दारं उखडून निघतात, इंधनाची नळी फाटते, परत येताना उजव्या इंजिनाला आग लागते. नशिबाने सगळे प्रवासी सुखरूप उतरतात.

"ती माणसं आळशी नव्हती," सर म्हणतात. "चौकशी अहवालात थकव्याचाही विचार झालाय, ओव्हरटाइमचाही. जा आता, पंप आण. धावू नकोस, जमीन ओली आहे."

मी त्यांच्याकडे बघतो. सरांची पाळी संध्याकाळी पाच ते पहाटे पाच. ही त्यांची सलग सहावी रात्र. त्यांच्या जोडीचा इंजिनिअर दुसऱ्या कंपनीत गेला, त्या जागेवर अजून माणूस आलेला नाही, म्हणून साप्ताहिक सुट्टीही गेली. सरांकडे आहे ते बी-1चं लायसन्स हे कॉलेजच्या सर्टिफिकेटसारखं नसतं. डीजीसीएच्या, म्हणजे हवाई वाहतुकीच्या नियामकाच्या, परीक्षेचा एकेक पेपर काढायचा आणि वर प्रत्यक्ष विमानावर वर्षं घालवायची, तेव्हा ते हाती येतं. मग विमान उडण्यायोग्य आहे असं सांगणारी सही करता येते, आणि चूक झाली तर त्या सहीमागचा एकटा माणूसही शोधता येतो. मी कंत्राटी तंत्रज्ञ. मला सही नाही, आणि पगार सांगावा असा नाही. 2022च्या जुलैत पगारासाठी एका मोठ्या विमान कंपनीचे तंत्रज्ञ एकाच वेळी आजारी रजेवर गेले होते, ती बातमी मी घरी मोठ्याने वाचून दाखवली होती.

पंप येतो. मी तेल भरतो, सर काचेवर टॉर्च धरतात. तेल हिरव्या पट्ट्यात येतं. आतलं पाणी पुसून आम्ही दारं खाली घेतो. लॅच अगदी तळाला असतात, उभ्याने दिसत नाहीत. सर गुडघे टेकतात आणि सरळ पाण्यातच पाठीवर आडवे होतात. पन्नाशीचा माणूस पाण्यात झोपून एकेका लॅचवर बोट ठेवतो. "बंद. सपाट. बंद. सपाट." मग मला आडवं व्हायला लावतात, पुन्हा पहिल्यापासून. लाल पट्टीची किल्ली काढतात, विमानाच्या नोंदवहीत, टेक लॉगमध्ये, दार उघडल्याची आणि मिटल्याची नोंद करतात, आणि मग सही. चार वाजून चाळीस मिनिटं झालीत.

तेवढ्यात फोन वाजतो. शेजारच्या बेवरच्या विमानाचा एक ब्रेक झिजलाय, बदलावा लागेल. ते सातला सुटायचंय. सकाळच्या इंजिनिअरला यायला उशीर आहे. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येतो, "एवढं एक काढून द्या."

"माझे बारा तास पाचला भरतात," सर म्हणतात. "सहावी रात्र आहे. ब्रेक बदलून मी सही करणार नाही."

पलीकडून बराच वेळ बोलणं चालतं. सर ऐकून घेतात. आवाज चढवत नाहीत. "पायलटचे तास संपले की तो खाली उतरतो, त्याला कुणी 'एवढं एक उडवा' म्हणत नाही. पाळ्या आखताना माणसाच्या मर्यादा धरायच्या, हे आपल्याही नियमात लिहिलंय. मी डायरीत नोंद करतोय. तुम्हीही करा."

फोन ठेवतात. हात थोडा थरथरतोय. शिकाऊ मुलगा विचारतो, "सर, आता काही होईल?"

"होऊ शकतं." ते चष्मा पुसतात. "अर्धवट मिटलेलं दार लांबून बंदच दिसतं. अर्धवट जागा माणूसही लांबून जागाच दिसतो. मी जागा नाही, हे फक्त मलाच माहीत आहे. मग सांगायचं कुणी?"

पाच चाळीस. विमान मागे ढकलायला, पुशबॅकला, मी आहे. हेडसेट कानाला, इंजिनापासून अंतर राखून. 2015च्या डिसेंबरात याच विमानतळावर एक तंत्रज्ञ सुरू झालेल्या इंजिनात ओढला गेला. 2019च्या जुलैत कोलकात्याला एका तरुण तंत्रज्ञाचा जीव लँडिंग गिअरच्या दारात अडकून गेला. इथे उभा राहिलो की ते दोघे मला रोज आठवतात. मी टग सुटल्याची खात्री करतो, बाजूला सरकतो आणि पुढच्या चाकाची पिन लाल फितीसकट वर धरून दाखवतो. कॉकपिटमधून हात वर होतो. विमान वळून धावपट्टीकडे निघतं. मी उजव्या इंजिनाचा तळ नजरेआड होईपर्यंत बघत राहतो. दारं मिटलेली आहेत, मी स्वतः बोट लावून पाहिलंय.

परत येताना शेजारचा बे लागतो. ब्रेकचं विमान तसंच उभं आहे. टर्मिनलच्या काचेमागे प्रवासी जमलेत. कुणाच्या कडेवर मूल झोपलंय, कुणी वैतागून फोनवर बोलतोय. 'तांत्रिक कारणामुळे विलंब' एवढंच त्यांना कळेल. कुणीतरी आपल्यासाठी नाही म्हणालं, हे त्यांना कुणी सांगणार नाही.

पाऊस ओसरलाय. सकाळच्या पाळीचे दोघे जॅकची गाडी ओढत येतायत. त्यांचे केस विंचरलेले आहेत, डोळे स्वच्छ आहेत. मी त्यांना काय झालंय, काय राहिलंय ते एकेक करून सांगतो. मग घड्याळ बघतो. सहा वाजलेत. शिकाऊ मुलगा चाक काढायला मदतीला थांबू बघतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

"चल. आपली पाळी संपली."