डोंगराच्या वाटेवर पळायचे कसे?



आपले श्रीपूर सपाटीवर आहे. जिकडे बघावे तिकडे ऊस. आपण पळतो ते शाळेच्या मैदानावर, नाहीतर कालव्याच्या भरावावर. तिथे पळताना पायाखाली बघावे लागत नाही. मी आपल्या वर्गात पळण्यात पहिली येते. त्यामुळे मला वाटायचे, जो सपाटीवर जोरात पळतो तो डोंगरावरही जोरात पळणार. हे चूक आहे. ते मला कसे कळले ते आधी सांगते. मग डोंगरात पळायचे कसे ते सांगते.

चैत्र महिन्यात शिखर शिंगणापूरची यात्रा असते. शिंगणापूर सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात आहे. शंभू महादेवाचे देऊळ डोंगराच्या माथ्यावर आहे. आपल्या माळशिरस तालुक्याच्या बाजूने, कोथळे गावाकडून वर जायला मुंगी घाट आहे. चैत्र शुद्ध द्वादशीला ह्या घाटातून कावडी वर चढवतात. कावडीला पाण्याने भरलेल्या तांब्याच्या मोठ्या घागरी असतात. सासवडची भुतोजी तेल्याची कावड कऱ्हा नदीचे पाणी घेऊन येते. घाट उभा आहे. दगड आणि मुरूम. माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि "हर हर महादेव" म्हणत कावड वर नेतात. एकटा माणूस ती नेऊच शकत नाही.

आमचे आबा दर वर्षी जातात. ह्या वर्षी त्यांनी मला पण नेले. आम्ही सकाळीच घाट चढायला लागलो. आबा म्हणाले, "माझ्या मागनं ये. पुढं पळू नगंस." मी ऐकले नाही. पळतच वर गेले. थोड्या वेळाने इतका दम लागला की दगडावर बसले. आबा हळूहळू येत होते, पण एकदाही थांबले नाहीत. मला वाटले, आपण पळत जाऊन त्यांना गाठू. मी उतारावर पळत सुटले. मुरमावरून टाच घसरली. गुडघा फुटला आणि पाऊल मुरगळले.

आबांनी उपरण्याने गुडघा बांधला. मला पाठीवर घेतले आणि खाली उतरले. उतरताना त्यांचे पाय थरथरत होते ते मला वर बसून कळत होते. संध्याकाळी कावडी वर गेल्या. आबांनी त्या खालूनच बघितल्या आणि हात जोडले. देवाला न जाता आम्ही परत आलो. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. पण घरी आल्यावर आईला म्हणाले, "पुढच्या साली गुडघं साथ देत्यात का नाही, कुणास ठावं." ते मी ऐकले.

मे महिन्याच्या सुट्टीत मामा आले. ते पुण्यात असतात आणि दर रविवारी सिंहगडावर पळायला जातात. मी त्यांना विचारले, "मामा, तुम्ही पडत कसे नाही?" मामा हसले आणि म्हणाले, "पडलो की गं. म्हणून तर शिकलो." डोंगरातल्या पायवाटांनी पळण्याला ट्रेल रनिंग म्हणतात. मामांनी सांगितले आणि गुरुजींनी समजावून दिले ते खाली लिहिते.

१) आधी चढ मोजावा

सपाटीवर किती किलोमीटर ते विचारतात. डोंगरात दोन गोष्टी विचारतात. किती किलोमीटर आणि किती मीटर चढ. सिंहगडाला आतकरवाडीहून जी पायवाट जाते ती तीन किलोमीटरच्या आतच आहे. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यात पाचशे मीटरच्या वर चढ चढावा लागतो. आपण सहलीला विजापूरचा गोलघुमट बघितला, तो साधारण पन्नास मीटर उंच आहे. म्हणजे एकावर एक दहा गोलघुमट ठेवले तर जेवढे होतील तेवढे चढायचे. म्हणून तीन किलोमीटर असूनही धाप लागते.

युरोपात माँ ब्लाँ नावाच्या पर्वताभोवती २००३ सालापासून एक शर्यत होते. ती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. अंतर सुमारे १७० किलोमीटर आणि चढ सुमारे १०,००० मीटर. मी हिशेब केला. दोनशे गोलघुमट होतात!

२) चढताना चालायची लाज धरू नये

उभा चढ आला की मोठे मोठे पळणारेसुद्धा चालतात. पाऊल लहान टाकायचे, थोडे पुढे वाकायचे, हात गुडघ्याच्या वर मांडीवर टेकायचे. दम लागून थांबावे लागेल इतके जोरात जायचे नाही. बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. मला हे ऐकताना आबा आठवले. ते घाटात असेच चालत होते.

३) उतार सोपा नसतो

चढताना दम लागतो, पण दम बसल्यावर परत येतो. उतरताना दम लागत नाही म्हणून आपण फसतो. उतारावर मांडीचा स्नायू गाडीच्या ब्रेकसारखे काम करतो. तो ताणला जात असतानाच त्याला आपले वजन आवरावे लागते. म्हणून डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. हे करून बघा. कुठल्याही जिन्यावरून हळू उतरा आणि मांडीवर हात ठेवा. मांडी घट्ट झालेली लागते.

उतरताना गुडघे थोडे वाकवलेले ठेवावेत. पावले लहान आणि भरभर टाकावीत. नजर पायाशी नाही, तर तीन-चार पावले पुढे ठेवावी. मागे रेलून टाच रोवू नये, टाच सुटली की माणूस पाठीवरच पडतो. मी हीच चूक केली होती. आपल्याकडे मुरूम घसरतो. सह्याद्रीत पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असते, ते मुरमापेक्षा वाईट.

४) वाट सोडू नये

डोंगरातली वाट नागमोडी असते. आपल्याला वाटते, मधूनच सरळ उतरलो तर लवकर पोचू. पण नागमोडी वाटेमुळे चढ कमी होतो. मधून सरळ वाट पाडली की गवत मरते, पावसाचे पाणी तिथूनच धावते आणि माती वाहून घळ पडते. मग दोन्ही वाटा खराब होतात. शर्यतीच्या वेळी झाडांना रंगीत फिती बांधतात, त्या बघत जायचे. बराच वेळ फीत दिसली नाही तर पुढे न जाता शेवटच्या फितीपर्यंत मागे यायचे. धुके आले तरी तसेच.

५) महाराष्ट्रातल्या काही वाटा

सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणारी वाट प्रसिद्ध आहे. त्या वाटेवर शर्यत पण होते. ती पन्नास किलोमीटरच्या पुढे असते. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे. साताऱ्यात २०१२ सालापासून डोंगरातली अर्धी मॅरेथॉन होते. ती २१ किलोमीटरची. यवतेश्वरचा घाट चढून जायचे आणि तसेच परत उतरायचे. तिथे रस्ता डांबरी आहे, म्हणून नवख्याला ती बरी.

पण सगळ्या वाटा पळायच्या नसतात. कोयना अभयारण्यात वासोटा किल्ला आहे. बामणोलीहून लाँचने धरणाचे पाणी ओलांडून जावे लागते. वनखात्याची परवानगी काढावी लागते आणि संध्याकाळच्या आत परत यावे लागते. कोयना अभयारण्य आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे गवे आणि अस्वले आहेत. पळत येणाऱ्या माणसाला बघून जनावर बिथरते. तिथे वाटाड्याबरोबर चालतच जावे. ते त्यांचे घर आहे.

६) बरोबर काय न्यावे

पाणी, गूळ-शेंगदाणे, जखमेला बांधायला स्वच्छ फडके आणि शिट्टी. हरवलो तर ओरडण्यापेक्षा शिट्टी लांब ऐकू जाते. कड्यांवर आग्या मोहोळ असते, म्हणून धूर करू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एकटे जाऊ नये. घरी सांगून जावे.

माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर तुम्हाला माहीत असतील. शिंगणापूर त्याच तालुक्यात आहे. त्या ३,००० मीटर स्टीपलचेसच्या खेळाडू. ह्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या आणि दहाव्या आल्या. गुरुजी म्हणाले, "उडी कशी मारली एवढंच बघू नका, पाय खाली कसा टेकला ते बघा." डोंगरात पण तसेच आहे.

आता माझा गुडघा बरा झाला आहे. मी रोज संध्याकाळी कालव्याचा भराव दहा वेळा चढते आणि दहा वेळा उतरते. चढताना जोरात, उतरताना हळू. आबा बांधावर बसून बघतात. परवा म्हणाले, "आता पाय नीट पडाय लागलाय." पुढच्या चैत्रात त्यांची पिशवी आणि पाण्याची बाटली मी घेणार आहे आणि त्यांच्या मागून चालणार आहे. ते जिथे थांबतील तिथे मी पण थांबेन. वर देवळापर्यंत पोचलो की मगच परत.

कुणाला माझ्याबरोबर भरावावर यायचे असेल तर या. मात्र उतारावर शर्यत लावायची नाही.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, श्रीपूर