पान कुठं हाय याचं?

भाद्रपद लागला की पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट पिवळी होऊ लागते. गडावर जायच्या वाटा तशा बऱ्याच आहेत. खिरेश्वरहून टोलारखिंडीतून येणारी लांबलचक, नळीतून कोकणकड्याला भिडणारी छाती दडपून टाकणारी. पण साठी उलटलेल्या गुडघ्यांना पाचनईचीच वाट मानवते. पुढे झुकलेल्या भल्याथोरल्या कातळाच्या पोटाखालून ती जाते, वरून ओघळणारं पाणी डोक्यावर न पडता समोर पडतं, आणि दर दहा पावलांवर थांबायला काहीतरी कारण मिळतं. हे कारण म्हणजे बहुधा एखादं झाड असतं. तरुण मंडळी पुढे निघून जातात. आम्ही झाड पाहतोय असं सांगून दम खातो.

रानातली झाडं ओळखण्याचा नाद मला असा दमातून लागला. पण तो नाद किती गंभीर आहे, हे २०१९च्या भाद्रपदात याच वाटेवर कळलं. त्या दिवशी मी एका मुलाला विष खाऊ घातलं असतं.

झालं ते असं. निवृत्त होऊन काही महिने झाले होते. गाठीला दोन-चार पुस्तकं वाचून कमावलेलं ज्ञान होतं. बरोबर एका मित्राचा कॉलेजात शिकणारा भाचा होता. गावाबाहेर, पावसानं बांधाची कड ढासळली होती आणि तिथं मातीतून एक कंद डोकावत होता. लांबट, मातकट, हुबेहूब रताळ्यासारखा. मुलानं तो काठीनं उकरून काढला आणि विचारलं, "काका, हे काय?" न कळणाऱ्या गोष्टीवर 'मला माहीत नाही' एवढं म्हणण्याची सवय अधिकाऱ्याच्या खुर्चीत मोडून गेलेली असते. मी म्हणालो, "करांद्याच्या जातीचं काहीतरी असणार. रानातले लोक खातात. धुऊन घे, चाखून बघू."

मागून एक बाई गवताचा भारा घेऊन येत होत्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी भारा न उतरवताच विचारलं, "बाबा, पान कुठं हाय याचं?"

पान आम्ही पाहिलंच नव्हतं. त्यांनी भारा बांधावर टेकवला आणि कंदाच्या जागेवरून वर बोट नेलं. एक वेल शेजारच्या कारवीला धरून वर चढली होती. प्रत्येक पानाचं टोक लांब होऊन विंचवाच्या नांगीसारखं वळलेलं आणि त्या वळणानंच तिनं कारवीचा हात धरलेला. शेंड्याला एक फूल अजून शिल्लक होतं. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या उलट्या वळून आभाळाकडे पेटलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. "कळलावी हाय ती," बाई म्हणाल्या. "बकरी बी तोंड लावीत न्हाई."

मुलानं कंद टाकला आणि शेजारच्या पाण्यात हात धुतले, तीनदा. मी धुतले नाहीत. ते धुऊन जाण्यासारखं नव्हतं.

कळलावी मला ठाऊक नव्हती असं नाही. तिचं फूल मी चित्रात कितीदा तरी पाहिलं होतं, आणि समोर आलं असतं तर लांबूनच नाव घेतलं असतं. तमिळनाडूचं ते राज्यफूल. आपल्याकडे काही ठिकाणी तिला अग्निशिखा, वाघनखी म्हणतात. तिच्या सगळ्या अंगात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं आणि कंदात ते विशेष. अगदी मोजून दिलं तर ते गाऊटसारख्या दुखण्यावर औषध, नाहीतर जीवघेणं. कळा याव्यात म्हणून बाळंतिणीला या कंदाचा वरून लेप देण्याची चाल जुनी आहे; नाव त्यावरूनच पडलं. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, म्हणजे नांगर, कारण कंदाचा आकार नांगरासारखा वाकडा. दोन भाषांनी दोन नावांत सावध करून ठेवलं होतं. मी ती नावं फुलाखाली लिहून ठेवली होती आणि माझ्यासमोर आला तो कंद.

घरी परतताना मला १९९१ सालची एक सही आठवली.

बँकेत रुजू झाल्यावर आम्हाला सह्या तपासायला शिकवलं होतं. खातेदाराच्या सहीचा नमुना कार्डावर असतो, चेकवरची सही त्याच्याशी ताडून पाहायची. नवखा माणूस सहीचा एकूण तोंडवळा पाहतो. पण नक्कल करणाराही नेमका तोंडवळाच उचलतो. म्हणून जुने अधिकारी सांगायचे, की सही बघू नका, तिचे सांधे बघा. पहिलं अक्षर कुठून सुरू होतं, हात कुठे उचलला आहे, शेवटचा फराटा वर जातो की खाली. १९९१ साली घाईच्या एका दुपारी मी तोंडवळ्यावर विश्वासून एक चेक पास केला. सही खोटी निघाली. खातं एका निवृत्त शिक्षकांचं होतं. त्यांचे पैसे पुढे परत मिळाले, मला मेमो मिळाला, आणि मधले काही महिने ते काउंटरपलीकडे गप्प बसून राहत. रताळ्यासारखा दिसतो म्हणून मी कंद पास केला होता. चूक तीच होती, फक्त रक्कम वेगळी होती.

त्यानंतर मी झाडं पुन्हा पहिल्यापासून शिकलो, सांध्यांपासून. वाचकांपैकी कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल, तर त्यासाठी घाटावर जायला नको. अंगणातल्या तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल नाही, चौकोनी आहे. पानं पाहा, समोरासमोर जोडीनं येतात आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिणोत्तर. पान चुरगळलं की वास. या तीन खुणा एकत्र दिसल्या की रानातल्या अनोळखी रोपालाही तुम्ही 'तुळशीच्या गोत्यातलं असावं' असं म्हणू शकता. नाव पुढे सापडेल, गोत्र आधी सापडतं.

वाट पिवळी करणारी ती सोनकी पाहा. तिचं एक फूल म्हणजे खरं तर एक फूल नव्हेच, बारीक फुलांचा मेळावा आहे. कडेची जिभेसारखी पाकळी दिसते तेही एक फूल, मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. झेंडूचं नि सूर्यफुलाचंही असंच. याउलट सोनकीच्या शेजारीच फुलणारा कवला. तोही पिवळाच, पण त्याचं फूल वालाच्या, हरभऱ्याच्या घराण्यातलं, आणि पाकळीवर दोन तांबडे ठिपके. शहरातली मुलं हल्ली त्याला 'मिकी माऊस' म्हणतात. हे नाव त्या मुलांनी आपणहून दिलं आहे, त्यावर राग धरायचं कारण नाही. फक्त कवल्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, हे मिकी माऊस या नावातून कुणाला कळणार नाही.

आणि कारवी. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळा करून, बी टाकून मरते. फुललेली कारवी कुणीही ओळखील. ओळख लागते ती उरलेल्या सात वर्षांसाठी. समोरासमोरची खरखरीत, दातेरी पानं आणि पेरापेरांवर फुगलेली काठी. ज्यांच्या घराच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या आहेत, त्यांना फुलाची वाट पाहावी लागत नाही.

त्या भारेवाल्या मावशींकडे मी त्यानंतर दरवर्षी जात आलो आहे. त्यांच्याकडून शिकलो ते असं, की त्यांचं नाव घेणं म्हणजे नुसतं ओळखणं नाही. नाव म्हणजे सूचना. खाजकुइली म्हटलं की अंगाला लावू नये, आंबुशी म्हटलं की चावून बघावी, कळलावी म्हटलं की हात आवरावा. काही सूचना तर नावात मावत नाहीत. मृगाच्या तोंडाशी शेवळं येतात. ती जशीच्या तशी शिजवली तर घसा सोलवटून निघतो, कारण त्यांत सुयांसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून शेवळांबरोबर काकडाची आंबट फळं घालतात. बाजारात शेवळांच्या जुडीशेजारी काकडं मांडलेली दिसतात ती यासाठी. कडू करांदे राख घालून, पाणी बदलत उकडायचे. फोडशी गवतासारखी कोवळी असताना घ्यायची. यातली प्रत्येक सूचना कुणाच्या तरी घशानं, कुणाच्या तरी पोटानं शोधून ठेवलेली आहे.

माझ्या कपाटात थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आहे. तो १९०१ ते १९०८ या काळात निघाला, आणि अजूनही सह्याद्रीत झाड अडलं की अभ्यासक त्याच्याकडे जातात. कुक मूळचे इंजिनिअर, रेल्वेच्या कामासाठी इकडे आले आणि पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्याआधी १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' लिहिणाऱ्या दोघांपैकी डॅल्झेल हे सुरुवातीला कस्टम खात्यात होते आणि गिब्सन पेशानं डॉक्टर. हरिश्चंद्रगडावर कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात होते, वेल न होता ताठ उभी राहणारी. तिला ज्या लॉ साहेबांचं नाव आहे ते मुलकी नोकरीतले. म्हणजे कस्टमवाला, डॉक्टर, कलेक्टर कचेरीतला माणूस आणि इंजिनिअर. पेशानं यांतला एकही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. निवृत्त बँकवाल्याला याचा मोठा दिलासा वाटतो.

पण दिलाशाच्या मागोमाग एक प्रश्नही येतो. या साहेबांना कड्याच्या कपारीत कुणी नेलं? फुलाचे दिवस कुणी सांगितले? जुन्नरच्या डोंगरात सापडलेल्या शिंदळ माकुडीला डॅल्झेलनी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. आता शास्त्रज्ञांनी तिचं खातं बदलून तिला दुसऱ्या प्रजातीत घातलं आहे, तरी फ्रिअर यांचं नाव शेपटाला राहिलंच आहे. वाट दाखवणाऱ्याचं नाव लॅटिनमध्ये कुठे गेलं नाही. कुकनी एवढं मात्र केलं, की झाडांची देशी नावं जिथं मिळाली तिथं नोंदवली. ती नावं सांगणारे कोण, हे आपण आजही पाचनईच्या बांधावर पाहू शकतो. किती दिवस, ते सांगता येत नाही. मावशींच्या सुनेला निम्मी झाडं ठाऊक आहेत. नात शाळेसाठी बाहेर राहते, सुटीत येते, आणि झाड दिसलं की मोबाइल काढते.

मोबाइलवर माझा राग नाही. पुष्कळदा तो बरोबर नाव सांगतो, आणि माझ्यापेक्षा लवकर. पण त्याला दाखवाल तेवढंच तो पाहतो. तो पान चुरगळत नाही, चीक पाहत नाही, वेलीचा पीळ उजवा की डावा हे आपणहून विचारत नाही. त्या दिवशी मुलानं नुसत्या कंदाचा फोटो काढला असता, तर मोबाइलनंही तोंडवळाच पाहिला असता. शिवाय फोटोबरोबर जागाही पसरते. ते कंदीलपुष्प घ्या. त्याच्या नळीत आतल्या बाजूला खाली झुकलेले केस असतात. वासानं आलेली बारकी माशी आत शिरते आणि अडकते. केस कोमेजले, फूल कलंडलं, की ती परागांचं ओझं घेऊन सुटते. इतका नाजूक हिशेब एका कातळावर चालू असतो, आणि तिथं रविवारी पन्नास बूट आले तर तो संपतो. हा सगळा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथलं झाड उपटणं गुन्हा आहे. पण तुडवणाऱ्याला आपण गुन्हा करतोय असं वाटत नाही, तो तर फुलाच्या प्रेमानंच आलेला असतो. म्हणून ते फूल मी कुठे पाहिलं, हे या लेखात लिहिलेलं नाही.

माझ्याकडे एक वही आहे. डाव्या पानावर मावशींनी सांगितलेलं नाव, जसं ऐकलं तसं. उजव्या पानावर पुस्तकातलं. दोन्ही जुळेपर्यंत शाईनं लिहायचं नाही, पेन्सिलनं. वहीच्या शेवटी काही पानं वेगळी राखली आहेत, त्यांवर 'सस्पेन्स' असं लिहिलं आहे. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. नोंद फार दिवस पडून राहिली की ऑडिटर विचारतो, त्यामुळे ती कुठल्या तरी खात्यात टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. पण चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम हुडकणं त्याहून कठीण असतं, हे मी पुरतं शिकलो आहे.

गेल्या भाद्रपदातली एक नोंद तिथं पडून आहे. कातळाखालची ओल, रोप गुडघ्याएवढं, काडी चौकोनी, पानं समोरासमोर, चुरगळल्यावर कापरासारखा वास, फूल नाही. गोत्र लागतं, नाव लागत नाही. मावशींना दाखवलं. त्यांनी पान हातात घेऊन हुंगलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला आमी काय बी म्हनत न्हाई. फुलल्यावर या."

कार्तिकात जायचं ठरवलं आहे.