बंदर, पृष्ठप्रदेश आणि जबलपूरचा सांधा

बंदराची क्षमता धक्क्यांच्या लांबीवरून व याऱ्यांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु माल धक्क्यावर वेळेवर येतो की नाही, हे पुष्कळदा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर ठरते. समुद्रकिनारा नसलेले जबलपूर या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

ईस्ट इंडियन रेल्वेचा अलाहाबादकडील फाटा 1867 मध्ये येथे पोहोचला. मुंबईहून इटारसीमार्गे आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे त्याला मार्च 1870 मध्ये येथेच मिळाली आणि मुंबई व कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. कंपन्या दोन असल्या, तरी रुळांमधील अंतर एकच, म्हणजे 5 फूट 6 इंच होते. त्यामुळे मालासह वाघिणी पुढे नेणे शक्य होते. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झालेला असल्याने नर्मदा खोऱ्यातील गव्हाला मुंबईमार्गे युरोपची बाजारपेठ मिळाली.

याच शहरातून गोंदियाकडे जाणारा लोहमार्ग मात्र 2 फूट 6 इंचांचा होता. सांध्यावर प्रत्येक पोते उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. हमाली, नासधूस व विलंब यांचा भार अखेरीस उत्पादकावरच पडे. या मार्गाचे रुंदीकरण टप्प्याटप्प्याने होऊन 2020-21 मध्ये पूर्णत्वास गेले.

कंटेनर-वाहतुकीमागील तत्त्व हेच आहे. कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना 1988 मध्ये झाली. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले. अंतर्गत कंटेनर आगारात सीमाशुल्काची तपासणी उरकून पेटी मोहोरबंद केली, की बंदरात ती पुन्हा उघडण्याचे सहसा कारण राहत नाही. म्हणजेच बंदराबाहेरील संस्था बंदराचेच काम पृष्ठप्रदेशात करते. मात्र केवळ काम सोपवणे म्हणजे एकात्मीकरण नव्हे. आगार, रेल्वे, सीमाशुल्क विभाग व जहाज कंपनी यांना एकाच पेटीची माहिती एकाच वेळी मिळणे आवश्यक असते. न्हावा शेवा येथे 2016 पासून रेडिओ-लहरींच्या खूणपट्टीद्वारे कंटेनरचा माग ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली, ती याच हेतूने.

रुळांमधील अंतराचा भेद डोळ्यांना दिसत असे. कागदपत्रांचा व माहितीचा भेद दिसत नाही. परंतु जहाज चुकल्यास होणारी हानी तितकीच खरी असते आणि ती सर्वाधिक सोसावी लागते अल्प भांडवलाच्या निर्यातदाराला. म्हणून बंदर-सुधारणेचा विचार धक्क्यापाशी नव्हे, तर अशा सांध्यांपाशी सुरू झाला पाहिजे.